करार मध्येच सोडून चाकणची ऑफर घेऊ का? मोल्ड डिझाइन, भोसरी

पार्टिंगलाइन | २४ मे, रात्री १०:५०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डचं, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक ज्यात भरून पार्ट काढतात त्या स्टीलच्या साच्याचं डिझाइन करते, फ्रीलान्स. राहायला कर्वेनगर. जानेवारीपासून भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूमबरोबर (असे साचे बनवणारा कारखाना) नऊ महिन्यांचा करार आहे, ३० सप्टेंबरला संपतो. महिना ९० हजार. तीन दिवस घरून, बाकी दिवस टूलरूममध्ये. तीन मोल्ड ठरले होते. दोन झाले, ट्रायल होऊन ग्राहकाकडे गेले. तिसरा चालू आहे: दुचाकीच्या एअर फिल्टरचं झाकण, दोन कॅव्हिटी (पार्टच्या आकाराच्या पोकळ्या), दोन बाजूंना स्लायडर (बाजूला सरकणारे भाग). कोअर-कॅव्हिटीचं डिझाइन होत आलंय, ठिणगीने स्टील कोरायचे इलेक्ट्रोड आणि टूडी ड्रॉइंगं बाकी. पहिली ट्रायल ऑगस्टमध्ये.

गेल्या आठवड्यात चाकणच्या एका कंपनीकडून ऑफर आली. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट करतात, मोठं नाव आहे. एक वर्षाचं काँट्रॅक्ट, महिना १ लाख ४५ हजार. त्यांना मी १६ जूनला हवी आहे.

घरची परिस्थिती अशी की घराचा हप्ता ३८ हजार, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरतंय, आणि नवऱ्याच्या कंपनीत यंदा पगारवाढ नाही. महिन्याला ५५ हजार जास्त म्हणजे आमच्यासाठी खूप आहेत.

मग अडतंय कुठे? मुलगी झाल्यावर माझं काम चार वर्षं बंद होतं. परत सुरू करायला निघाले तर जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न गॅपचा. या टूलरूमच्या सरांनी तो विचारलाच नाही. त्यांनी टेबलावर एक असेंब्ली ड्रॉइंग पसरलं आणि म्हणाले, "हे वाच आणि कुठे चुकलंय ते सांग." वीस मिनिटं लागली. एक इजेक्टर पिन कूलिंगच्या भोकातून आरपार जात होती. ती दाखवली, तर म्हणाले, "सोमवारपासून ये."

आता त्याच माणसाला काम अर्ध्यावर टाकून जाते असं सांगायचं. तीन रात्री नीट झोप नाही. कायद्याने मला जाता येतं का, आणि येत असलं तरी जावं का, दोन्ही सांगा.

कोथरूड_डेपो | २४ मे, रात्री ११:१२

आधी करारात काय लिहिलंय ते सांगा. नोटीस किती दिवसांची? दंड आहे का? त्याशिवाय इथे सगळे अंदाजानेच बोलतील.

पार्टिंगलाइन | २४ मे, रात्री ११:३०

बरोबर, ते राहिलंच. करार चार पानांचा, मराठी-इंग्रजी मिश्र. महत्त्वाचं एवढंच:

कोणत्याही बाजूने ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येतो. नोटीस न देता काम सोडल्यास दोन महिन्यांच्या मानधनाइतकी भरपाई. कराराच्या काळात दुसऱ्या टूलरूमचं किंवा मोल्डरचं काम करायचं नाही. आणि करार संपल्यावरही सहा महिने भोसरी-चाकण पट्ट्यात तसं काम करायचं नाही.

या शेवटच्या कलमानेच जास्त घाबरले आहे. नवी कंपनी स्वतःच मोल्डिंग करते. शिवाय माझ्या एप्रिलच्या बिलाचे पैसे अजून आलेले नाहीत.

रात्रपाळी | २५ मे, पहाटे १:०५

जा. सरळ जा.

मी व्हिडिओ एडिटर आहे, दहा वर्षं फ्रीलान्स. मार्च २०२० मध्ये माझे तीन क्लायंट होते. लॉकडाऊन लागला आणि आठवड्याच्या आत तिघांनीही थांबवलं. दोघांनी मेल केला, एकाने तेवढंही केलं नाही, मीच फोन केल्यावर कळलं. एका कामाचं अर्धं एडिटिंग झालं होतं, त्याचे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. तिघांच्याही करारात नोटीसचं कलम होतं. कुणालाही आठवलं नाही. मी सदाशिव पेठेतली खोली सोडून चार महिने गावी जाऊन राहिलो.

आपल्याला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारी पडलं तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. हे सगळं सोसायचं ते कशासाठी? चांगलं काम आलं की जाता यावं म्हणून. तेही करायचं नसेल तर नोकरी काय वाईट? तीन रात्री जागून काढू नका, ताई. तुम्ही चोरी करत नाही आहात.

आणि एप्रिलचं बिल येईपर्यंत मूळ कॅड फाइल देऊ नका.

कोथरूड_डेपो | २५ मे, सकाळी ७:४०

रात्रपाळी, वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या क्लायंटनी जे केलं त्याची भरपाई भोसरीच्या या माणसाकडून का घ्यायची?

दिवाणी | २५ मे, सकाळी ९:२०

शिवाजीनगर कोर्टात दिवाणी बाजू बघतो. कागद समोर नाही, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण समजा आणि सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दोन्ही करार दाखवा.

जाता येतं का? येतं. तुमच्या करारातच ३० दिवसांची वाट ठेवलेली आहे. त्या वाटेने गेलात तर तो करारभंगच नाही, त्यामुळे दोन महिन्यांच्या भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. आणि कुणी काही म्हटलं तरी वैयक्तिक कौशल्याचं काम एखाद्याकडून कोर्ट जबरदस्तीने करून घेत नाही. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातच ते आहे.

नोटीस न देता गेलात तर? मग भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४. करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. त्याच्या आत कोर्टाला वाजवी वाटेल तेवढी भरपाई मिळते. म्हणजे १ लाख ८० हजार आपोआप द्यावे लागतात असं नाही. पण "असली कलमं टिकत नाहीत" असं जे सर्रास सांगितलं जातं, त्यावरही विसंबू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा बाँड ग्राह्य धरला आहे: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर २ लाख रुपये. तो नोकरीचा मामला होता, तोही सरकारी बँकेचा, तरी कल लक्षात घ्या.

आता सहा महिन्यांच्या कलमाबद्दल, कारण तुमची भीती तिथे आहे. कलम २७ म्हणतं, कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. धंद्याचं गुडविल विकलं असेल तर अपवाद, तो तुम्हाला लागू नाही. यातला सगळ्यांना माहीत असावा असा खटला म्हणजे श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचा. २००० मध्ये त्याने परसेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. त्यात असं होतं की मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर ती आधी या कंपनीला दाखवायची आणि तेवढीच रक्कम द्यायची संधी तिला द्यायची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार संपल्यानंतरचं असलं बंधन कलम २७ पुढे टिकत नाही. तुमचं सहा महिन्यांचं बंधन त्याच जातीचं आहे.

पण, आणि हा पण मोठा आहे, करार *चालू असताना* दुसरीकडे काम न करण्याचं बंधन ही वेगळी गोष्ट. १९६७ चा गोलिकरी खटला जरूर समजून घ्या. कल्याणच्या कारखान्यात टायरसाठीचं सूत बनवायच्या विभागात एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर होते. परदेशी कंपन्यांकडून आलेली गुप्त प्रक्रिया त्यांना शिकवली होती. १९६४ मध्ये, मुदत बरीच शिल्लक असताना, ते जास्त पगारावर कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेले. सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि हरले. उरलेल्या मुदतीत तसं काम करायला मनाई कायम राहिली.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. नोटीस देऊन करार रीतसर संपवला की तुम्ही पहिल्या गटात. नोटीस न देता १६ जूनला चाकणला हजर झालात तर समोरचा म्हणू शकतो की करार अजून जिवंत आहे, आणि तुम्ही दुसऱ्या गटात जाता. ३० दिवस पाळणं ही तुमच्यासाठी नुसती सभ्यता नाही, तेच तुमचं संरक्षण आहे.

नोटीस मेलवर द्या, तारीख घालून.

आकडेमोड | २५ मे, सकाळी ११:००

सीए आहे. दिवाणींनी कायद्याचं सांगितलं, मी पैशाचं सांगते, कारण ५५ हजारांचा फरक वाटतो तेवढा नाही.

चाकणला रोज जायचं आहे का? कर्वेनगर ते चाकण, नाशिक फाटा, मोशी, तळेगाव चौक. त्या रस्त्याला सकाळी किती वेळ जातो हे तुम्हाला ठाऊक असेलच. पेट्रोल, गाडीची झीज, आणि मुलीला शाळेतून आणायला, सांभाळायला कुणी ठेवावं लागलं तर तो खर्च. महिन्याचा आकडा मांडून बघा. आज तीन दिवस घरून आहात, त्याचीही किंमत धरा.

दुसरं. १ लाख ४५ हजार गुणिले १२ म्हणजे १७ लाख ४० हजार. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख. त्याच आर्थिक वर्षात बाहेरची एखाद-दोन कामं धरलीत तर मर्यादेजवळ पोचाल. ओलांडली की नोंदणी आणि बिलावर १८ टक्के. तुमचं मानधन करासह की कर वेगळा, हे नव्या करारात स्पष्ट लिहून घ्या.

तिसरं, एप्रिलचं बिल. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? आधार आणि पॅनवर फुकट होते. ती काम घेण्याआधीपासून असेल तर एमएसएमई कायदा, २००६ खाली जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नसेल तर निदान पुढच्यासाठी आजच करून टाका. कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर जमा दिसतो का, तेही पोर्टलवर बघा. काम सुटल्यावर ती चौकशी फार जड जाते.

पार्टिंगलाइन | २५ मे, दुपारी २:१५

खूप आभार. उद्यम नोंदणी नाही, आज रात्री करते. चाकणला आठवड्यातले पाच दिवस जावं लागेल. हिशोब मांडला. प्रवास, मुलीचं पाळणाघर वाढीव तास, सगळं वजा करून ३५-३६ हजार हातात जास्त राहतात. तरीही ते ऑपरेशनसाठी पुरेसे आहेत.

टूलरूमवाला | २५ मे, रात्री ९:४५

मी दुसऱ्या बाजूचा. भोसरीतच माझी छोटी टूलरूम आहे, चौदा माणसं. धागा दोनदा वाचला, मग लिहायला बसलो.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक फ्रीलान्स डिझायनर होता. हुशार मुलगा. हिंजवडीत चांगलं काम मिळालं, शनिवारी रात्री मेसेज आला, सोमवारपासून येत नाही. मी म्हटलं, जाऊ दे, पोराचं भलं होतंय. फाइली सर्व्हरवर होत्या. कॅव्हिटीचं मशीनिंग चालू केलं.

ग्राहकाने मध्येच ड्रॉइंगची सी रिव्हिजन पाठवली होती. ती आली होती त्या मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. सर्व्हरवर बी होती. बॅज बसवायची खाच ३ मिलिमीटर सरकली होती, एवढाच बदल. आम्ही बी वर कॅव्हिटी कापली. ट्रायलला पार्ट बाहेर आला, ग्राहकाच्या माणसाने बॅज लावून बघितला, आणि काही न बोलता माझ्याकडे बघत राहिला.

वेल्डिंग करून वाचवता आलं असतं म्हणाल, तर तो टेक्स्चरचा पृष्ठभाग होता. वेल्डचा डाग टेक्स्चरमधून उमटतो. पी २० स्टीलचा अख्खा ब्लॉक गेला, मशीनचे तास गेले, पाच आठवडे गेले. तो ब्लॉक अजून व्हीएमसी मशीनच्या मागे भिंतीला टेकून ठेवलेला आहे. नवा माणूस आला की मी त्याला तो दाखवतो.

मुलाने मुद्दाम काही केलं नव्हतं. दोन दिवस बसून डोक्यात काय काय आहे ते उतरवून दिलं असतं तर काही झालं नसतं. मोल्डमधलं निम्मं ड्रॉइंगमध्ये नसतंच. श्रिंकेज, म्हणजे प्लास्टिक थंड होताना किती आकसतं ते, कोणत्या ग्रेडवर धरलं, स्लायडरचा कोन का बदलला, ग्राहकाच्या कुणी फोनवर काय सांगितलं, हे सगळं त्या एका माणसाकडे असतं. ताई, तुम्ही जा. पण ते घेऊन जाऊ नका.

रात्रपाळींना एक सांगायचं आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये मीही दोन डिझायनरांना थांबायला सांगितलं. मेलच केला होता. झालेल्या कामाचे पैसे जूनपर्यंत दिले, पण फोन करून बोललो नाही, कारण तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तुमचं वाचल्यावर ते आठवलं. तेव्हा बोलायला हवं होतं.

रात्रपाळी | २५ मे, रात्री ११:५०

टूलरूमवाला, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. असं कुणी म्हणताना पहिल्यांदाच बघतोय.

फाइल अडवण्याचं मात्र मी अजून मागे घेत नाही. पैसे यायच्या आधी सगळं हातात दिलं की आपल्याकडे उरतं काय?

टूलरूमवाला | २६ मे, सकाळी ६:५५

उरतो तो तुमचा शब्द. स्टील मागवलेलं असतं, मशीन थांबलेलं असतं, ग्राहक रोज फोन करत असतो. अशा वेळी फाइल अडवणाऱ्याला पैसे मिळतील, मी देईनही. पण पुढे कधी त्याचा विषय निघाला तर मी गप्प बसणार नाही.

दिवाणी | २६ मे, सकाळी ९:०५

दोघेही थोडं थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी कंपनीची असते. फ्रीलान्सरचं तसं नाही. करारात वेगळं नसेल तर पहिला मालक करणारा, आणि हक्क दुसऱ्याकडे जायला सही केलेला लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता.

म्हणजे रात्रपाळींच्या म्हणण्यात कायद्याचा अंश आहे. पण इथे पार्टचं मॉडेल ग्राहकाचं आहे, त्यावर टूलरूमने गोपनीयतेची सही केलेली असणार, आणि पार्टिंगलाइनताईंच्या करारात हक्क सोपवल्याचं कलम बहुधा असेलच. शिवाय एका महिन्याचं बिल थकलंय म्हणून अख्ख्या मोल्डची फाइल अडवणं हे कोर्टातही वाईट दिसतं. सरळ मार्ग असा: हँडओव्हरचे दोन-तीन टप्पे लिहा, प्रत्येक टप्प्याला काय देणार आणि तेव्हा कोणतं बिल चुकतं व्हायचं, दोघांच्या सह्या.

सहकारनगर | २६ मे, दुपारी १२:३०

मी निवृत्त शिक्षिका. मोल्ड मला कळत नाही, पण हा धागा माझ्या लेकीने वाचायला दिला आणि राहवलं नाही.

बाळ, तू सरांना अजून सांगितलेलंच नाहीस, हे सगळ्यांच्या लिहिण्यात बाजूला पडलं. तीन रात्री तू कायद्याच्या काळजीने जागी नाहीस. त्यांना समोरासमोर सांग. फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. आणि चाकणच्या कागदावर सही करायच्या *आधी* सांग. सही करून मग विचारायला गेलीस तर ते विचारणं राहत नाही.

आईच्या ऑपरेशनचं कारण पुढे करू नकोस. ते खरं आहे, पण त्याने त्यांना नाही म्हणायला जागा उरत नाही. "मला जास्त पैशाचं काम मिळतंय आणि मला ते हवंय" एवढं स्पष्ट म्हण. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कोथरूड_डेपो | २६ मे, दुपारी १:१०

सहमत. आणि चाकणवाल्यांना विचारा की १६ जूनऐवजी महिनाअखेर चालेल का. ज्यांना वर्षभराचं काम द्यायचंय त्यांना दोन आठवडे जड नसतात. नाहीच म्हणाले तर तेही कळलेलं बरं.

पार्टिंगलाइन | २६ मे, रात्री १०:२०

सहकारनगरकाकू, तुमचं वाचून रडू आलं. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे उद्या बुधवारी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर जाते.

चाकणला आज विचारलं. आधी नाही म्हणाले, संध्याकाळी फोन आला, २९ जून चालेल. उद्या नोटीस दिली तर माझे तीस दिवस २६ जूनला संपतात. बसतंय.

पार्टिंगलाइन | २८ मे, दुपारी ४:००

काल जाऊन आले. सगळे थांबला आहात म्हणून लगेच लिहिते.

सहा वाजता पोचले. सर ट्रायप्रेसच्या बाजूला उभे होते, कुणाची तरी कोअर निळ्या रंगाने स्पॉटिंगला (साच्याचे भाग कुठे टेकतात ते बघायला) लावली होती. हात पुसत केबिनमध्ये आले. मी काकूंनी सांगितलं तसंच बोलले. ऑपरेशनचं काढलं नाही. आकडा विचारला, तो सांगितला.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाकणाला श्रिंकेज किती घेतलंयस?"

मी म्हटलं, आधी दीड टक्का होतं. ग्राहकाने मार्चमध्ये साधं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) बदलून टाल्क पावडर भरलेलं केलं, तेव्हा १.१ केलं. "कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. मेल माझ्याकडे आहे, मॉडेल मी बदललं, पण ड्रॉइंगच्या टीपेत दीडच राहिलंय. ३०० मिलिमीटर लांबीच्या पार्टला त्या फरकाने १.२ मिलिमीटर. टूलरूमवालादादा, तुमचा तो भिंतीला टेकवलेला ब्लॉक मला तिथे डोळ्यांसमोर दिसला. मी गेले असते आणि इलेक्ट्रोड करणाऱ्या पुढच्या माणसाने टीप प्रमाण मानली असती, तर?

सर चिडले नाहीत. म्हणाले, "एवढे पैसे मी देऊ शकत नाही, त्यामुळे थांब म्हणणार नाही. पण ट्रायलला मला तू हवीस." भोसरीला गुरुवार सुट्टी, म्हणजे रविवारी टूलरूम चालू. चाकणला रविवार सुट्टी. ट्रायलच्या दिवशी आणि त्यानंतरच्या दुरुस्तीला मी रविवारी येईन असं कबूल केलं. त्याचे पैसे वेगळे घे म्हणाले, मी नको म्हटलं, तर म्हणाले, "बिल पाठव, नाहीतर येऊ नकोस."

निघताना एप्रिलच्या बिलाचं मीच काढलं. अकाउंटंटच्या टेबलावर राहून गेलं होतं. आज सकाळी जमा झालं, टीडीएस वजा होऊन ८१ हजार.

दिवाणी | २८ मे, संध्याकाळी ५:३०

फार छान झालं. एकच. चाकणच्या करारातही बाहेरचं काम न करण्याचं कलम असणार. रविवारच्या या कामाचा त्यात नाव न घेता, पण स्पष्ट अपवाद घालून घ्या: "आधीच्या ग्राहकाचं सुरू असलेलं एक काम अमुक तारखेपर्यंत." तोंडी परवानगीवर जाऊ नका. आणि एकीकडचं ड्रॉइंग दुसरीकडच्या लॅपटॉपवर कधीही उघडू नका.

आकडेमोड | २८ मे, संध्याकाळी ६:१०

आणि ते रविवारचं बिल खरंच पाठवा, फुकट करू नका.

रात्रपाळी | २९ मे, पहाटे १२:४०

मी सरळ जा म्हटलं होतं. तुम्ही गेलातच, पण वेगळ्या रीतीने. टीपेतलं ते दीड टक्का वाचून पोटात गोळा आला. माझ्याकडेही दोन प्रोजेक्टच्या अशा गोष्टी फक्त माझ्या डोक्यात आहेत. आज बसून लिहून काढतो.

पार्टिंगलाइन | ११ ऑगस्ट, रात्री ९:१५

धागा वर आणते आहे, कारण बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं.

चाकण २९ जूनला सुरू झालं. अपवादाचं कलम घालून घेतलं, दोन दिवस त्यावर त्यांचं लीगल अडून बसलं होतं, शेवटी मान्य केलं. जाण्यायेण्यात दोन्ही मिळून साडेतीन तास जातात. मुलगी झोपायच्या आत घरी पोचते, कधीकधी नाही. हे सोपं नाही, आणि पैसे मिळतात म्हणून सोपं होतही नाही.

जूनच्या त्या महिन्यात सरांनी एक नवा मुलगा घेतला. त्याच्याशेजारी आठ दिवस बसून झाकणाच्या मोल्डची वही लिहिली, साधी दोनशे पानी वही. प्रत्येक बदल, तारीख, कुणी सांगितलं, का केला. पहिल्या पानावर श्रिंकेज.

परवा रविवारी ९ तारखेला ट्रायल झाली. सकाळी आठला मोल्ड मशीनवर चढवला. पहिले पंधरा-वीस शॉट अपुरे, मग भरायला लागलं. डाव्या स्लायडरच्या बाजूला फ्लॅश (फटीतून निसटलेलं प्लास्टिक) येतोय, कागदाएवढा पातळ, पण येतोय. त्या नव्या मुलाने वहीतलं पान काढून दाखवलं, स्लायडरच्या लॉकिंगच्या कोनाबद्दल मीच शंका लिहून ठेवली होती. तिथेच आहे दोष. येत्या रविवारी स्लायडर काढून स्पॉटिंग करायचं.

लांबी तेव्हा मोजून उपयोग नव्हता. पीपी थंड झाल्यावरही आकसत राहतं, चोवीस तास थांबावं लागतं. काल सकाळी चाकणच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते तेव्हा सरांचा फोटो आला. पार्टवर व्हर्निअर धरलेला, मागे त्यांचा अंगठा. ३०० ला अर्धा मिलिमीटर कमी-जास्त चालतं. व्हर्निअरवर २९९.७.